बाजारपेठेचा रस्ता खोदलेला असताना पायी माणसाने चालायचे कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातील मुख्य बाजारपेठेच्या रस्त्यावर दिवाळीपासून भुयारी गटाराचे आणि त्यापाठोपाठ काँक्रीटीकरणाचे काम सुरू आहे. प्रश्नकर्त्यांच्या घरी गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आई आहे आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत. दारापासून चौकापर्यंत एका बाजूला चारी, दुसऱ्या बाजूला मातीचे ढीग आणि मधल्या अरुंद पट्ट्यातून दुचाक्यांची ये-जा, अशी स्थिती आहे. ठेकेदाराचा माणूस म्हणतो की काम लवकर हवे असेल तर थोडे सहन करा, आणि नगरपरिषदेत विचारले तर ठेकेदाराला सूचना दिल्या आहेत असे उत्तर मिळते. यातले किती निमूटपणे सोसायचे, काय मागायचे आणि कोणाकडे, असे त्यांनी विचारले आहे.

मी रस्ते आणि मलनिस्सारणाच्या कामांवर आधी ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर म्हणून आणि पुढे देखरेख करणाऱ्या सल्लागाराकडे बरीच वर्षे काम करतो आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या अडचणी मला माहीत आहेत, आणि त्या लक्षात घेऊनच लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या प्रश्नात गैरसोय आणि धोका एकत्र आले आहेत. धूळ, आवाज, वाहन दारापर्यंत न येणे, लांबचा वळसा, काही दिवस पाण्याच्या वेळा बदलणे ही गैरसोय आहे. तिचा बराचसा भाग टळत नाही, आणि काम करून घ्यायचे तर ती गावाला सोसावीच लागते. उघड्या चारीच्या काठावरून म्हाताऱ्या माणसाला दुचाकी चुकवत चालावे लागणे हा मात्र धोका आहे आणि तो जवळजवळ पूर्णपणे टाळता येतो. काम लवकर होण्याशी त्याचा काही संबंध नाही. चारीला कठडा नसल्यामुळे पाइप लवकर पडत नाही.

मूळ अडचण मला वेगळीच दिसते. आपल्या रस्त्यावर पायी माणसाने कुठून चालायचे, हे खोदाईपूर्वी कोणी ठरवलेलेच नाही. वाहने कुठून वळवायची हे ठरते, कारण त्यासाठी पोलिसांशी पत्रव्यवहार करावा लागतो आणि अधिसूचना निघते. चालणाऱ्यासाठी असा कोणताही कागद निघत नाही. तो कुठूनही वाट काढेल असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते, आणि तो ती काढतोही. म्हणून अपघात होईपर्यंत ही उणीव कोणाच्या नजरेत येत नाही.

याचे मूळ अंदाजपत्रकात आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या रस्ते व पूल बांधकामाच्या तांत्रिक तपशिलाच्या पुस्तकात (स्पेसिफिकेशन्स) कलम ११२ हे काम चालू असतानाच्या वाहतूक व्यवस्थेविषयी आहे. अडथळे, फलक, दिवे, तात्पुरता मार्ग हे सर्व त्यात ठेकेदाराची जबाबदारी मानले आहे, पण त्याचा खर्च सर्वसाधारणपणे कामाच्या दरातच धरलेला असतो. राज्यातल्या अनेक निविदा याच धर्तीवर तयार होतात. म्हणजे ठेकेदाराला खोदाईचे पैसे घनमीटरने आणि पाइपाचे मीटरने मिळतात, पण कठड्याचे वेगळे मिळत नाहीत. मोजमाप पुस्तिकेत ज्याची नोंदच होत नाही, ते साइटवर सर्वांत आधी वगळले जाते. ठेकेदार वाईट असतो म्हणून हे घडते असे मी म्हणणार नाही. चांगला ठेकेदारही दहा लाखांच्या देयकाची वाट पाहत असताना बिनपैशाच्या कामाला मजूर लावायला टाळाटाळ करतो. मी ज्या कामांवर अंदाजपत्रकातच पादचारी मार्ग आणि कठडे ही स्वतंत्र बाब धरून घेतली, तिथे त्याच दर्जाच्या ठेकेदारांनी ते व्यवस्थित उभे केले.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण आपला रस्ता मी पाहिलेला नाही. रस्त्याची रुंदी किती, समांतर गल्ली आहे की नाही, जमीन कोणती आणि गटाराची खोली किती, यांवर उत्तर बदलते. नऊ मीटर रुंद रस्त्यावर चारी, यंत्र आणि चालण्याचा मार्ग तिन्ही शेजारी शेजारी बसतात. पाच मीटरच्या गल्लीत ते बसत नाहीत. तिथे वाहने पूर्ण बंद करून उरलेली जागा फक्त चालणाऱ्यांना देणे हाच मार्ग राहतो. दुचाकीस्वारांचा त्याला विरोध होतो आणि नगरसेवकांनाही तो निर्णय नको असतो, पण आपण वर्णन केलेला अरुंद पट्टा पाहता माझा सल्ला हाच राहील. दुचाकीला वळसा घालून जाता येते. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आईला तो जमत नाही.

जमिनीचे महत्त्व लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. कोकणातल्या जांभ्यात किंवा पक्क्या मुरुमात चारीची भिंत बराच काळ उभी राहते. काळ्या मातीत ती कोरडी असताना अगदी सरळ उभी दिसते आणि पाणी लागले की अचानक बसते. हे पाणी पावसाचेच असावे लागत नाही. खोदाईत तुटलेल्या नळाच्या जोडणीतून रात्रभर झिरपलेले पाणीही पुरते. काठापासून एक-दोन फुटांवर, चारीला समांतर जाणारी बारीक भेग दिसू लागली की ती बाजू खाली यायच्या तयारीत आहे असे समजावे. अशी भेग दिसल्यास तिथून चालणे लगेच थांबवावे, फोटो काढावा आणि शाखा अभियंत्याला त्याच वेळी कळवावे. आत उतरलेल्या मजुरांना धोका तर त्याहून मोठा असतो, आणि त्यांच्या वतीने बोलणारे तिथे सहसा कोणी नसते.

याविषयीचे नियम जुने आणि स्पष्ट आहेत. सरकारी कामांच्या करारांना जोडलेल्या सुरक्षा अटींमध्ये साधारणपणे असे असते की दीड मीटर किंवा त्याहून खोल चारीच्या बाजूंना उतार द्यावा किंवा फळ्या-टेकू लावून त्या आवळून धराव्यात, खोदलेली माती काठापासून दीड मीटर किंवा चारीच्या खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अंतर जास्त असेल तेवढी दूर ठेवावी, आणि १.२ मीटरपेक्षा खोल चारीत दर ३० मीटरला एक शिडी असावी. बाजारपेठेत माती एवढी दूर ठेवायला जागाच नसते, हे खरे आहे. त्यावर उपाय म्हणजे माती तिथे न ठेवता डंपरने उचलून गावाबाहेर टाकणे आणि भरावाच्या वेळी परत आणणे. यात वाहतुकीचा खर्च वाढतो. म्हणूनच ती काठावर रचली जाते, त्या वजनाने काठ खचतो, आणि चालण्याची जागाही तीच माती खाते. आपल्या रस्त्यावरचे ढीग हटवण्याची मागणी म्हणून फार महत्त्वाची आहे. एवढी एक गोष्ट झाली तरी चालायला पट्टा मोकळा होईल.

चालण्याचा मार्ग कसा असावा, याचे उत्तर रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) या संस्थेच्या दोन पुस्तिकांत मिळते. पादचारी सुविधांविषयीच्या आयआरसी १०३ मध्ये पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर आणि मोकळी उंची २.२ मीटर सांगितली आहे. कामाच्या ठिकाणच्या वाहतूक व्यवस्थापनासाठी आयआरसीची एसपी ५५ ही पुस्तिका आहे. जुन्या बाजारपेठेत तात्पुरत्या मार्गाला सलग १.८ मीटर मिळणे कठीण असते. तिथे मी किमान चार फुटांचा आग्रह धरतो, म्हणजे चाकाची खुर्ची किंवा हाताला धरून चालणारी दोन माणसे जाऊ शकतात. ज्या ठिकाणी विजेचा खांब किंवा दुकानाची पायरी आड येते तिथे तेवढ्यापुरते तीन फूट चालतात. तळ सपाट आणि घट्ट असावा: मुरूम पसरून पाणी मारून दाबलेला. नुसती मोकळी माती टाकली तर पहिल्याच टँकरच्या गळतीने चिखल होतो.

कठड्याविषयी माझे मत ठाम आहे. लाल-पांढरी प्लास्टिकची फीत म्हणजे कठडा नव्हे. ती पडणाऱ्याला अडवत नाही, वाऱ्याने तुटते, रात्री दिसत नाही आणि पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या अंध माणसाला तर ती असून नसल्यासारखीच. कठडा कमरेएवढ्या उंचीचा, धक्का सहन करणारा, आणि जमिनीलगत एक आडवी पट्टी असलेला हवा. ती काठीला लागते आणि लहान मुलाचा पाय खालून सटकत नाही. लोखंडी चौकटी नसतील तर बांबू किंवा सेंट्रिंगच्या बल्ल्या उभ्या रोवून, दोन आडव्या बांधून हे होते; त्याला मोठा खर्च येत नाही. चौकटी पडू नयेत म्हणून पायाशी दगड ठेवण्याची पद्धत मात्र मोडून काढावी. काम पुढे सरकले की चौकटी उचलल्या जातात आणि दगड तिथेच राहतात, आणि अंधारात ठेच लागते ती त्यांनाच. त्याऐवजी वाळूची पोती ठेवावीत.

ज्या घरांसमोर आणि दुकानांसमोर चारी आहे, तिथे प्रत्येक दाराला ओलांडणी हवी. एक फळी टाकून वेळ मारून नेली जाते, आणि त्या फळीवरून गॅस सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूसही जातो. फळी एकेरी नसावी. तीन-चार फूट रुंद, खालून आडव्या पट्ट्यांनी जोडलेली, दोन्ही काठांवर किमान दोन-दोन फूट टेकलेली आणि दोन्ही बाजूंना धरायला कठडा असलेली असावी. गुळगुळीत लोखंडी पत्रा पावसात निसरडा होतो, म्हणून उठावाच्या नक्षीची प्लेट वापरावी. रात्रीसाठी ओलांडणीच्या तोंडाशी बॅटरीवर चालणारा दिवा हवा. रस्त्यावरचा दिवा आहे ना, असे उत्तर मिळेल. पण खोदाईत केबल तुटून तोच दिवा बंद पडलेला मी वारंवार पाहिला आहे.

आता काँक्रीटच्या टप्प्याकडे येतो, कारण आपल्याकडे तो पुढे येणार आहे. बहुतेक ठिकाणी आधी निम्म्या रुंदीत काँक्रीट होते आणि मग उरलेल्या निम्म्यात. पहिला भाग झाला की मधोमध फूट-सव्वा फुटाची उभी कड तयार होते, आणि त्या कडेतून दोन-दोन फुटांवर सळया बाहेर आलेल्या असतात. दुसऱ्या भागाचे काँक्रीट त्यांना पकडावे म्हणून त्या ठेवलेल्या असतात आणि त्या कापता येत नाहीत. त्यांची उंची नेमकी पोटरीशी येते. लहान मूल पडले तर चेहऱ्याशी. एवढा उघड धोका असूनही साइटवर त्याची सवय होऊन जाते. सळयांच्या टोकांवर प्लास्टिकच्या टोप्या बसवणे किंवा सलग लाकडी पट्टी बांधणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. त्या कडेलगत चालण्याचा मार्ग कधीही देऊ नये.

याच टप्प्यात एक चांगली संधीही असते, आणि ती सहसा वाया जाते. नवे काँक्रीट वाहनांसाठी साधारणपणे २८ दिवस बंद ठेवतात, पण पायी चालण्याने त्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून अपाय होत नाही. म्हणजे जवळजवळ महिनाभर गावात वाहनांपासून पूर्ण मोकळा, सपाट, रुंद मार्ग उपलब्ध असतो. तरीही लोक शेजारच्या खड्ड्यातून चालतात, कारण काँक्रीट मुरावे म्हणून त्यावर मातीचे बांध घालून पाणी साठवलेले असते. दुकानांच्या बाजूचा चार-पाच फुटांचा पट्टा पाण्याखाली न ठेवता तिथे क्युरिंग कंपाउंडचा, म्हणजे काँक्रीटमधला ओलावा उडू न देणाऱ्या रसायनाचा, थर फवारावा आणि उरलेल्या भागात पाणी साठवावे, अशी सूचना मी देतो. फवारणी काँक्रीट टाकले त्याच दिवशी व्हावी लागते, त्यामुळे हे आधी ठरलेले असले पाहिजे. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना एक फूट चढण्यासाठी दहा-बारा फूट लांबीचा मुरुमाचा उतार करावा, आणि दुचाकी चढू नये म्हणून तोंडाशी दोन ड्रम असे ठेवावेत की माणूस वळून जाईल पण हँडल जाणार नाही. चाकाच्या खुर्चीला मात्र तिथून जाता आले पाहिजे, हे अंतर ठरवताना मोजून पाहावे.

काँक्रीट होण्यापूर्वी आपण आणि शेजाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून विचारावी: घरजोडण्या झाल्या आहेत का? मुख्य गटार टाकून, वर काँक्रीट करून, मग प्रत्येक घराच्या जोडणीसाठी रस्ता पुन्हा फोडण्याचे प्रकार होतात, आणि त्या वेळी कठडे, दिवे, फलक काहीही शिल्लक नसते. त्याचप्रमाणे चेंबरच्या झाकणांची पातळी पाहावी. काँक्रीटच्या अपेक्षेने चेंबर रस्त्यापेक्षा फूटभर वर बांधून ठेवतात आणि पुढे काही कारणाने काम थांबले की ती बांधकामे रस्त्याच्या मध्ये तशीच राहतात. प्रत्येक चेंबरवर झाकण, भोवती मुरुमाचा उतार आणि चमकणारी पट्टी एवढे झालेच पाहिजे. भरावही थरांनी, पाणी मारून, दाबून व्हायला हवा. एकदम ढकलून दिलेला भराव पहिल्या पावसात बसतो, वर पाणी साचते, आणि साचलेल्या पाण्याखाली खड्डा किती खोल आहे ते कोणालाच दिसत नाही.

गैरसोयीबाबत थोडक्यात सांगतो. चारी एका वेळी किती लांब उघडी ठेवायची यावर मर्यादा मागावी. दोन-तीन दिवसांत पाइप टाकून, तपासून, बुजवता येईल तेवढीच लांबी उघडावी; बाजारपेठेत मी ती तीस-चाळीस मीटरपुढे जाऊ देत नाही. जेसीबी फुरसतीत आहे म्हणून सगळा रस्ता आधी खोदून ठेवणे हे लांबलेल्या त्रासाचे सर्वांत सामान्य कारण आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी डंपरची ये-जा बंद ठेवावी. रुग्णवाहिका कुठपर्यंत येऊ शकते आणि तिथून स्ट्रेचर कोणत्या वाटेने न्यायचे, हे ठरवून प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी लिहून लावावे. आपल्या आईच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट आजच विचारण्यासारखी आहे.

मागायचे कोणाकडे? आधी रस्ता कोणाचा ते पाहा. लहान गावांतला मुख्य रस्ता अनेकदा राज्यमार्ग असतो आणि सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतो, तर गटार नगरपरिषदेचे असते; मग दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. कामाच्या फलकावर कामाचे नाव, योजना, रक्कम, मुदत आणि ठेकेदाराचे नाव असायला हवे. फलकच नसेल तर तो लावण्याची मागणी पहिली.

तोंडी सांगून भागत नाही. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्यावा, प्रत बांधकाम विभागाच्या उपअभियंत्यांना आणि पोलीस ठाण्याला द्यावी, आणि आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्यावा. अर्जात संताप नको. जागा आणि मोजमाप हवे. 'अमुक दुकानापासून तमुक दुकानापर्यंत चारी सुमारे दोन मीटर खोल, कठडा नाही, माती काठावर, रात्री दिवा नाही' असे लिहिलेला अर्ज अभियंत्याला बाजूला सारता येत नाही, कारण उद्या काही झाले तर तो त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. सोबत तारखेसह फोटो जोडा. करारातील सुरक्षा अटींची पूर्तता होईपर्यंत ठेकेदाराचे चालू देयक रोखावे, अशी मागणी त्यात स्पष्ट करा. माझ्या अनुभवात दहा नोटिसांनी जे होत नाही ते एका अडलेल्या देयकाने होते.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानुसार दहा रुपयांच्या अर्जावर करार, अंदाजपत्रक आणि ठेकेदाराला दिलेल्या सूचनांच्या प्रती मागता येतात, आणि कामाची प्रत्यक्ष पाहणीही मागता येते. 'सूचना दिल्या आहेत' या उत्तराची शहानिशा याच मार्गाने होते. त्याला वेळ मात्र लागतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

धोका तातडीचा असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजेच उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, जावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार सार्वजनिक वाटेलगतच्या धोकादायक खोदाईला कुंपण घालण्याचा आदेश ते देऊ शकतात. पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होती. त्याच जुन्या कलमाखालील रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये सांगितले की पैसे नाहीत हे कारण पुढे करून नगरपालिकेला आपले कर्तव्य टाळता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या मृत्यूसाठी सहा लाख रुपये आणि जखमींसाठी ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आहे. अर्जात या दोन्हींचा उल्लेख एका ओळीत करावा. धमकीच्या सुरात नव्हे, नोंद म्हणून.

क्रम सांगायचा तर या आठवड्यात तीन गोष्टी मागा: काठावरचे ढीग उचलणे, चारीला सलग कठडा आणि दारोदारच्या ओलांडण्या. काँक्रीटचे काम आपल्या टप्प्यापर्यंत येण्यापूर्वी शाखा अभियंता, ठेकेदाराचा प्रतिनिधी आणि रहिवासी यांनी मिळून एकदा रस्त्यावरून चालत जाण्याची विनंती करा. त्या वेळी चालण्याचा पट्टा कोणत्या बाजूने राहील ते चुन्याने जमिनीवर आखून घ्या, आणि शक्य असेल तर आईंनाही थोडे अंतर त्यावरून चालून पाहायला सांगा. त्यांचा पाय कुठे अडतो ते तिथे उभ्या असलेल्या अभियंत्याला दिसेल आणि तेवढा भाग त्याच दिवशी बदलून घेता येईल.